आमच्या जिल्ह्यातलं खारं पाणी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा इथून जवळपास पाचशे किलोमीटर. आमच्या मेहकरात असे कित्येक बुजुर्ग आहेत की ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हजला जाताना, विमानाच्या खिडकीतून. पण खारं पाणी पाहायला आम्हाला इतकं लांब जायची गरज कधी पडली नाही. मेहकरहून सुलतानपूर मार्गे लोणार फार तर पंचवीस किलोमीटर. घरी पाहुणे आले, नागपूरचे असोत की औरंगाबादचे, की दुसऱ्या दिवशी गाडी लोणारला. काठावर उभं राहायचं, खाली ते गोल तळं पाहायचं, "सुब्हानअल्लाह" म्हणायचं, फोटो काढायचे, भजी खायची आणि असरच्या आत घरी परत. गेल्या वीस वर्षांत आम्ही असं किती वेळा गेलो असू, मोजदाद नाही. खाली उतरून पाण्याला हात मात्र यंदा लावला, तोही लेकीच्या अभ्यासापायी.

लेक औरंगाबादला बी.एस्सी. करते, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. दुसरं वर्ष संपलं. तिच्या डोक्यात बारावीपासून एकच वेड, समुद्रातले जिवाणू. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथं समुद्राच्या तळाचा गाळ आणून त्यातले सूक्ष्मजीव वाढवतात, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून घरात गोव्याचं नाव निघू लागलं. आम्ही किराणा दुकान चालवणारी माणसं. आम्हाला गोवा म्हणजे काजू आणि सुकी मासळी. पण पोरीनं हिवाळ्यातच दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकले. ज्यांच्या घरी विज्ञान शिकणारी मुलं-मुली आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, बंगळूरची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून उन्हाळ्यासाठी संशोधन फेलोशिप देतात. आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. त्याचे अर्ज उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यातच भरावे लागतात. आपल्याकडे हे कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

गोव्याचं काही जमलं नाही. एप्रिलमध्ये तिच्या मॅडमनी तिला बोलावून विचारलं, "तुझं गाव कोणतं?" मेहकर म्हटल्यावर त्या हसल्या म्हणे. "अगं, लोक लोणारच्या पाण्याची एक बाटली मिळावी म्हणून कुठून कुठून येतात आणि तू समुद्र शोधत गोव्याला निघालीस?" मग ठरलं. मे-जूनचे आठ आठवडे, लोणारच्या पाण्यावर छोटासा प्रकल्प, त्यांच्याच प्रयोगशाळेत. पगार नाही, विद्यावेतन नाही, राहण्याचा खर्च आपला.

नेमका त्याच आठवड्यात गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी निरोप पाठवला होता की सुट्टीत पोरगी कामाला आली तर महिन्याला काहीतरी देऊ, आवडलं तर पुढं कायमच ठेवू. घरात दोन दिवस यावर खल झाला. दादी म्हणाल्या, "घरचं खाऊन बिनपगारी काम? आमच्या वेळी याला बेगार म्हणायचे." लेक म्हणाली, "दादी, पॅथॉलॉजीत मी दुसऱ्यानं शोधलेलं तपासणार. इथं कुणी न पाहिलेलं पाहायला मिळेल." दादींना हे उत्तर पटलं की नाही, सांगता येत नाही. पण त्या गप्प झाल्या, आणि आमच्या घरात दादी गप्प झाल्या की मंजुरी समजतात.

नमुने घ्यायच्या दिवशी मॅडम आणि तिचे दोन वर्गमित्र औरंगाबादहून परस्पर लोणारला येणार होते. आम्ही फजरची नमाज पढून निघालो. आम्ही दोघं, लेक आणि हट्टानं निघालेल्या दादी. मे महिन्यातलं वऱ्हाड सकाळी सहालाच तापायला लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मध्येच पळस आणि कडुनिंब. लोणार गावात शिरलं की आधी दैत्यसूदनाचं जुनं दगडी मंदिर लागतं, त्याची शिल्पं पाहायला देशविदेशचे अभ्यासक येतात. त्या बाजूला आम्ही वळलो नाही. ऊन चढायच्या आत खाली उतरायचं होतं.

काठावरून पाहिलं की हे विवर इतकं गोल दिसतं, जणू कुणी परकार ठेवून आखलंय. व्यास जवळजवळ १.८ किलोमीटर आणि काठापासून तळ्यापर्यंतचा उतार सुमारे दीडशे मीटर खोल. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली. पुढं दीडशे वर्षं वाद चालला की हा ज्वालामुखीचा खड्डा की आकाशातून काही पडल्याचा. १९७० च्या दशकात इथं छिद्रं पाडून खालचे दगड काढले, तेव्हा त्यात मास्केलिनाइट नावाची काच सापडली. ही काच साध्या उष्णतेनं होत नाही. प्रचंड धडक बसली तरच दगडातलं स्फटिक असं काचेसारखं होतं. वाद तिथं मिटला. उल्का कधी पडली याबद्दल मात्र शास्त्रज्ञांचे हिशेब अजून जुळत नाहीत. एका पद्धतीनं सुमारे ५२,००० वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं ५ लाख ७० हजारांच्या आसपास. दादींनी हे ऐकून विचारलं, "एवढा फरक? किराण्याच्या हिशेबात असा फरक आला असता तर दुकान बसलं असतं." मॅडमनी ते मनापासून मान्य केलं.

लोणार हे २००० सालापासून अभयारण्य आहे. पाण्याची एक बाटलीसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. मॅडमनी परवानगीचा कागद आधीच मिळवला होता आणि वनरक्षक साहेब आमच्याबरोबर खाली आले. दादी वर झाडाखाली चटई टाकून बसल्या, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन. आम्ही पायवाटेनं उतरू लागलो. साग, बाभूळ, करवंदीच्या जाळ्या, मधूनच मोराची हाक. वानरांनी आमच्या थर्मोकोलच्या डब्याकडे फार आशेनं पाहिलं. त्यात बर्फ आणि रिकाम्या बाटल्याच होत्या. वाटेत जुनी पडकी मंदिरं लागतात, दगडावर दगड रचलेली, काहींत वटवाघळांची वस्ती. खाली जाईल तसं झाडांमधलं वारं बंद होतं आणि एक वास येऊ लागतो, सडलेल्या अंड्यासारखा. मॅडम म्हणाल्या, हा गंधकाच्या वायूचा वास, तळातल्या चिखलात हवेशिवाय जगणारे जिवाणू तो तयार करतात. लेकीनं खोल श्वास घेतला. आम्ही रुमाल नाकाला लावला. शिक्षणाचा फरक असा पडतो.

पाणी हिरवं होतं. गढूळ हिरवं नाही, पालकाच्या रसासारखं दाट. हा रंग स्पिरुलिना जातीच्या सूक्ष्म वनस्पतीसारख्या जिवाणूंचा. मेडिकलच्या दुकानात ताकदीच्या म्हणून ज्या हिरव्या गोळ्या मिळतात, त्याच या. बोटं बुडवून अंगठ्यावर घासली तर पाणी बुळबुळीत लागतं, अगदी साबण चोळल्यासारखं. कारण तेच, पाणी इतकं अल्कधर्मी आहे की आपल्या त्वचेवरच्या तेलाचाच थोडा साबण होतो. जुन्या नोंदींत या पाण्याचा पीएच साडेदहाच्या आसपास सांगितलेला आहे. साधं पाणी सातचं, समुद्राचं आठच्या जवळ. मॅडम म्हणाल्या, "समुद्राचं पाणी याच्यापुढं फार सभ्य आहे."

वर आल्यावर दादींनी पहिला प्रश्न केला, "या पाण्यानं वुजू होतं का?" प्रश्न साधा नव्हता. समुद्राच्या पाण्याबद्दल एका सहाबींनी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना असंच विचारलं होतं आणि ते पाणी पाक असल्याचं उत्तर मिळालं होतं, ही हदीस आमच्या घरात सर्वांना ठाऊक. पण लोणारचं पाणी समुद्राचंही नाही आणि विहिरीचंही नाही. आमच्यात थोडी चर्चा झाली. शेवटी बाटलीतल्या पाण्यानं वुजू केला, जोहर कडुनिंबाखाली पढली आणि मसला मौलाना साहेबांसाठी राखून ठेवला. खालचं पाणी डोळ्यांत गेलं असतं तर झोंबलं असतं एवढं मात्र बिनचूक.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. आमच्या दुकानात धुण्याचा सोडा आहे, पापडखार आहे, कपड्यांची पावडर आहे. या तिन्ही वस्तू लोणारच्या तळ्याशी नातं सांगतात, हे आम्हाला या उन्हाळ्यात कळलं. काळ्या दगडातून पावसाचं पाणी झिरपत येतं, येताना सोडियमचे क्षार घेऊन येतं. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार राहतात. हजारो वर्षं हेच चाललं तर सोड्याचं तळं होतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठावर पांढरा थर दिसतो. पूर्वी हा खार गोळा करून विकत. लोणारच्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला त्याच्या जातींची नावं सांगितली, दल्ला, खुप्पल, पापडी. पापडात घालायचा वेगळा, कपड्याला वेगळा.

ही गोष्ट अकबर बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचली होती. अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं, मेहकर सरकारातलं ठिकाण म्हणून. हिंदू लोक या जागेला फार पवित्र मानतात, इथल्या डोंगरांत काच आणि साबण बनवायचं साहित्य मिळतं आणि शोऱ्याच्या कारखान्यांपासून सरकारात चांगला महसूल जमा होतो, अशा अर्थाची नोंद तिथं आहे. चारशे वर्षांपूर्वी आमच्या मेहकरचं नाव साबणाच्या सामानासोबत आग्र्याच्या दफ्तरात लिहिलं गेलं. आमच्या दुकानाच्या पाटीवर हे लिहावं असा एक विचार मनात येऊन गेला.

आणखी एक मौज. 'अल्कली' हा शब्द आपण इंग्रजी समजतो. तो मूळचा अरबी, 'अल-कली'. खारट जमिनीत उगवणारी झुडपं जाळून जी राख उरते ती कली. तिच्यातून साबण करायचा हुन्नर अरब कारागिरांनी दूरवर नेला. आपल्याकडे तिलाच सज्जीखार म्हणतात. मिसरमध्ये काहिराच्या वायव्येला वादी नतरून नावाचं खोरं आहे, तिथली तळीही लोणारसारखीच सोड्याची. फिरऔनांच्या काळात मृतदेह टिकवायला लागणारा खार तिथूनच जाई. सोडियमला रसायनशास्त्रात 'एनए' हे चिन्ह आहे ते या नतरूनवरूनच. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. 'एनए' का, असं विचारलं तेव्हा छडी मिळाली होती.

आता जिवाणूंकडे. जपानच्या कोकी होरिकोशी या शास्त्रज्ञानं १९६८ पासून सोडाप्रेमी जिवाणूंचा माग काढायला सुरुवात केली. अशा जिवाणूंची पाचकद्रव्यं, म्हणजे एन्झाइम, साबणाच्या पाण्यातही काम करतात. रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा डाग ज्या पावडरनं निघतो तिच्यात ती असतात. लोणारच्या जिवाणूंमध्ये अशी द्रव्यं आहेत का, यावर महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांमधून बरंच काम झालं आहे. म्हणजे अकबराच्या काळी लोक इथून साबणाचं सामान नेत आणि आजही शास्त्रज्ञ इथं साबणाचंच सामान शोधतात. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेनं इथल्या पाण्यातून एक नवाच जिवाणू वेगळा काढून २०१२ साली त्याचं नाव ठेवलं 'सेसेम्बिया लोनारेन्सिस'. पहिला शब्द संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा आमच्या लोणारवरून. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती गावांना हा मान आहे?

लेकीचा प्रकल्प त्यामानानं फारच छोटा. तळ्याच्या काठावर तीन जागा निवडल्या. एक, जिथं धारेचं पाणी तळ्याला मिळतं तिथं. दुसरी, कमळजा देवीच्या मंदिराच्या बाजूला. तिसरी समोरच्या काठाला, जिथं वरून काही येत नाही. धार म्हणजे विवराच्या काठावरचा गोड्या पाण्याचा झरा, बारमाही. प्रश्न असा की गोडं पाणी मिसळतं तिथं खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंचं काय होतं आणि त्यांच्या जागी कोण येतं.

पहिले दोन आठवडे तिनं फक्त भांडी धुतली आणि अगार ओतला, असं ती फोनवर सांगायची. आम्हाला बरं वाटलं, घरी कधी भांड्यांना हात लावत नाही ती. प्रयोगशाळेत गॅसची ज्योत सतत पेटलेली असते, म्हणून ओढणी लोंबती ठेवता येत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सुती रुमाल डोक्याला घट्ट बांधायला, टोकं कोटाच्या आत खोचायला शिकवलं. ज्यांच्या मुली अशा प्रयोगशाळेत जाणार असतील त्यांनी सिंथेटिक ओढणी घरीच ठेवावी, ठिणगीनं ती चिकटून पेटते.

लोणारच्या जिवाणूंना खायला घालणं हेही एक पाकशास्त्रच. साखर, पेप्टोन, यीस्टचा अर्क, मीठ आणि सोडा. पण सोडा बाकीच्यांबरोबर शिजवायचा नाही. एकत्र शिजवला तर साखर करपून तपकिरी होते आणि अगार नीट जमत नाही. म्हणून तो वेगळा निर्जंतुक करून, दोन्ही जरा निवल्यावर मिसळायचा. दादी हे ऐकून खूश झाल्या, "बघा, पापडाचा खारसुद्धा वेगळाच उकळून गाळून घेतात. हे आम्हाला कुठं शिकायला जावं लागलं?" मग ही पिठल्यासारखी खळ काचेच्या तबकड्यांत ओतायची, थेंबभर तळ्याचं पाणी पसरायचं आणि उबेच्या पेटीत ठेवून द्यायचं. साध्या जिवाणूंना एक रात्र पुरते. फार खारट खळीवर वाढणाऱ्यांना दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तबकडी वाळू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात, तरी कडेनं मिठाचे खडे उगवतातच.

याच काळात तिनं फोनवर एक गोष्ट सांगितली, ती आमच्या डोक्यातून जात नाही. खूप मिठात राहणाऱ्या एका गटाला हॅलोआर्किया म्हणतात. जिवाणूंसारखे दिसतात, पण जिवाणू नव्हेत. कार्ल वूज या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७७ साली दाखवलं की जीवसृष्टीत ही एक वेगळीच शाखा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहायचे तर काचपट्टीवर रोजच्या पद्धतीनं पाण्यानं धुऊन रंगवता येत नाहीत. मॅडमनी मुद्दाम करून दाखवलं. खाऱ्या पाण्याच्या थेंबात ते छान दिसत होते, चपटे, काही कोनाकोनांचे. मग कडेनं शुद्ध पाण्याचा एक थेंब सोडला. लेक म्हणाली, "अम्मी, पाहता पाहता नाहीसे झाले. फुटले. पाण्यानंच."

आपल्याला जे गोडं पाणी जीवन, ते त्यांच्यासाठी विष. कुरआनात गोड आणि खाऱ्या अशा दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधल्या आडपडद्याचा उल्लेख येतो, सूरह फुरकानमध्ये. तो वाचताना आम्ही आजवर नदी आणि समुद्र एवढंच डोळ्यांपुढं आणत होतो.

२०२० च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं होतं, वाचकांना आठवत असेल. लॉकडाउनचे दिवस, त्यात ही बातमी. कुणी म्हणे प्रलयाची खूण, कुणी म्हणे कारखान्याचं रसायन, कुणी करोनाशी जोडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर दर तासाला नवं कारण यायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं आणि पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की हा रंग याच हॅलोआर्कियांचा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं, मीठ वाढलं, ते भरमसाट वाढले आणि त्यांच्या अंगातलं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसू लागलं. बाटलीत भरून ठेवलेलं पाणी काही दिवसांनी स्वच्छ झालं, गुलाबी गाळ खाली बसला. इराणातलं उर्मिया सरोवरही असंच मीठ वाढलं की लाल होतं, २०१६ साली झालेलं उपग्रहांतून दिसलं होतं. तिथं दुःख वेगळं आहे. नद्या अडवल्या, पाऊस कमी झाला, सरोवर आटत गेलं.

लोणारचं दुखणं याच्या उलट. इथं नको ते पाणी येतं. विवराच्या काठावर गाव वाढलं, त्याचं सांडपाणी उताराला लागणारच. धारेवर लोक आंघोळ करतात, कपडे धुतात, साबण खाली जातो. पूर्वी आसपासच्या शेतांतलं, विहिरींचं पाणी कसं जात होतं आणि आता कसं जातं यावर जाणकारांत चर्चा आहे. न्यायालयात याचिका वर्षानुवर्षं चालल्या, सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचे हुकूम झाले, योजना आल्या. २०२० च्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. दर्जाची पाटी लागली की काम झालं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

आमचं म्हणणं गावकऱ्यांना बोल लावण्याचं नाही. ज्यांच्या घराला गटार नाही त्यांनी पाणी कुठं सोडावं? धारेचं पाणीही आजचं नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात पडतंच आहे आणि तळं खारं राहिलंच आहे. त्यात आता साबण, मैला आणि खत किती मिसळतं, हाच काय तो प्रश्न, आणि तो मोजल्याशिवाय सुटणारा नाही. एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. परदेशातून लोक इथं उल्का पाहायला येतात, आपले लोक देवदर्शनाला, आम्ही भजी खायला. या पाण्यात जे राहतात त्यांचं नाव कुणाच्या तोंडी नाही. दिसतच नाहीत तर कोण विचारणार?

लेकीच्या मीटरवर धारेजवळच्या पाण्याचा पीएच समोरच्या काठापेक्षा कमी आला. तिनं हे मोठ्या उत्साहानं मॅडमना सांगितलं, आता पेपरमध्ये द्यायला हवं वगैरे. मॅडमनी शांतपणे विचारलं, "किती वेळा मोजलंस?" एकदा. "कोणत्या महिन्यात?" मे. "पावसाळ्यानंतर काय असतं?" माहीत नाही. "मग तुझ्याकडे एक आकडा आहे, निष्कर्ष नाही." पोरगी त्या रात्री फोनवर रडवेली होती. आम्हाला मात्र त्या मॅडमबद्दलचा आदर वाढला. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या खरेदीवरून महिन्याचा अंदाज बांधणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत आणि त्यांची दुकानंही पाहिली आहेत.

बकरी ईद नेमकी तबकड्या मोजायच्या दिवसांत आली. ईदला घरी नाही, असं या घरात अजून झालेलं नव्हतं. कुर्बानीचं मटण वाटायला, शेजारच्या घरी शीरखुर्म्याचे वाडगे पोहोचवायला हीच धावते. दादींनी दोन दिवस आधीपासून फोन सुरू केले. शेवटी तिनं मधला मार्ग काढला. आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत बसून मोजणी संपवली, मॅडमनी स्वतः वहीवर सही करून तिला पिटाळलं, आणि ती रात्रीच्या एस.टी.नं जालना मार्गे निघून फजरच्या सुमाराला मेहकर स्टँडवर उतरली. हाताला मेंदी नव्हती, जांभळ्या रंगाचे डाग होते. ते रंग ग्रॅम-स्टेनचे, आठवडाभर जात नाहीत. ईदगाहवरून परतलेल्या बायका-पोरांनी ते हात पाहून विचारलं, "ही कुठली नवी मेंदी?" तिनं सगळ्यांना तेच समजावून सांगितलं, मिठाचं, सोड्याचं, फुटणाऱ्या जिवांचं. निम्म्यांनी ऐकलं. धाकट्या चुलत भावानं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपा, ते पाण्यानं मरतात तर पावसात काय करतात?"

तिला उत्तर आलं नाही. तिनं वहीत प्रश्न लिहून घेतला.

आठ आठवड्यांच्या शेवटी हाती आलं ते असं. धारेजवळच्या पाण्यातून बिनमिठाच्या, साध्या खळीवर भरपूर वसाहती वाढल्या. समोरच्या काठाच्या पाण्यातून साध्या खळीवर अगदी थोड्या. फार खारट खळीचा एक संच बुरशीनं गेला, तो फेकावा लागला. म्हणून तिसऱ्या भागाबद्दल काही सांगता येत नाही. उरलेल्या संचात, समोरच्या काठाच्या एका तबकडीवर, एकोणिसाव्या दिवशी तीन बारीक ठिपके दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे, गुलाबी. तिनं त्यांचा फोटो पाठवला. दादींनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन महिने?" मग जरा वेळानं, "मोठा करून दाखव बरं."

तिन्ही ठिपके आता औरंगाबादच्या प्रयोगशाळेत ग्लिसरीनमध्ये भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये आहेत. त्यांची जात अजून कळायची आहे, त्याला डी.एन.ए. तपासावा लागेल आणि त्यासाठी पैसे. पॅथॉलॉजीवाल्यांना आम्ही नम्रपणे नाही कळवलं. मॅडमनी वनखात्याकडे ऑक्टोबरसाठी नव्या परवानगीचा अर्ज केला आहे. पाऊस संपल्यावर, त्याच तीन जागांवरून, तेच मोजमाप पुन्हा करायचं. या वेळी चुलत भाऊही येणार म्हणतो. दादींनी गुडघ्याच्या तेलाची बाटली आत्ताच मागवून ठेवली आहे, त्यांना खाली उतरायचं आहे.